घरात बसलेला तरुण: स्वभाव किती, एकटेपण किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ २७ वर्षांचा. इंजिनीअरिंगनंतर तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससीची तयारी केली, यश आलं नाही. गेलं दीड वर्ष तो सांगलीला आई-वडिलांकडे आहे. नोकरी नाही, कोर्स नाही. पहाटे चारला झोपतो, दुपारी एकला उठतो, जेवणाचं ताट खोलीत नेतो, पाहुणे आले की दार लावून घेतो. वडील म्हणतात आळशी झालाय. आई म्हणते, लहानपणापासूनच अबोल, त्याचा स्वभावच तसा. बहीण विचारते: हा स्वभाव आहे की आजार, आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं?

आधी थेट उत्तर देतो. दीड वर्ष माणसांपासून तुटलेल्या माणसाचा स्वभाव आज ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. आज तुम्हाला जे दिसतंय त्यात मुळातला अबोलपणा आहे, अपयशाची लाज आहे, उलटीपालटी झालेली झोप आहे, कदाचित उपचार लागणारं डिप्रेशन आहे, आणि या सगळ्यावर एकटेपणाने चढवलेला थर आहे. हा वरचा थर बहुतेक वेळा सगळ्यात जाड असतो, आणि सगळ्यात आधी हलतो तोही तोच. म्हणून पहिलं उद्दिष्ट नोकरी नाही. पहिलं उद्दिष्ट झोपेची वेळ आणि घराबाहेरच्या माणसांशी थोडा थोडा संपर्क. स्वभावाचा विचार त्यानंतर, कोणत्या वाटेने बाहेर न्यायचं हे ठरवताना करायचा.

वडिलांच्या ‘आळशी’ या शब्दाबद्दल. काम गेलं की माणसाचं काय होतं हे १९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात फार बारकाईने पाहिलं गेलं. गावाला पोसणारी कापडगिरणी बंद पडली होती. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांना तिथे दिसलं की रिकामा वेळ भरपूर असूनही वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यावरून पूर्वीपेक्षा हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. तिथले लोक आळशी नव्हते, बंद पडण्याच्या दिवसापर्यंत गिरणीत राबत होते. पुढे याहोदांनी मांडलं की काम पगाराखेरीज पाच गोष्टी देतं: दिवसाची चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण मिळून काही करतो ही भावना, समाजात एक ओळख, आणि रोज हातपाय-डोकं हलवायला लागणं. या पाचही गोष्टी एकदम गेल्या की जे उरतं ते बाहेरून आळसासारखं दिसतं.

स्वभावावरही याचा परिणाम होतो. जर्मनीतल्या ६,७६९ प्रौढांच्या स्वभावाची मोजणी चार वर्षांच्या अंतराने दोनदा करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधल्या काळात जे बेकार राहिले त्यांच्या कामसूपणात, नव्या गोष्टींबद्दलच्या उत्सुकतेत आणि इतरांशी जमवून घेण्याच्या वृत्तीत बदल दिसले. पुरुषांमध्ये बेकारीचा काळ जितका लांबला तितका कामसूपणा जास्त घसरला. ज्यांना मधल्या काळात पुन्हा काम मिळालं, त्यांच्यात बदल फारसा नव्हता. म्हणजे ज्याला घरात ‘त्याचा स्वभाव’ म्हणतात, तो काही प्रमाणात बेकारीचा परिणाम असू शकतो, आणि परिस्थिती बदलली की तो परत फिरण्याची शक्यता असते. म्हणूनच आत्ता त्याची कुठलीही व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेऊ नका. डिप्रेशनमध्ये असलेला माणूस अशी चाचणी देतो तेव्हा तो आहे त्यापेक्षा जास्त भित्रा आणि जास्त एकलकोंडा दिसतो, आणि ते छापील पान घरात वर्षानुवर्षं पुरावा म्हणून फिरत राहतं. बोटांच्या ठशांवरून स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांवर तर एक रुपयाही घालवू नका. त्यांना शास्त्रीय आधार नाही.

एमपीएससीबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण पालकांना ती दिसत नाही. एकटेपण सांगलीत सुरू झालेलं नसतं. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या अभ्यासिकेत पोरं रोज दहा-बारा तास एका टेबलावर, दोन्ही बाजूंना पार्टिशन, अशी बसतात. तिथे बोलायला बंदी. मेस, रूम, अभ्यासिका. जुने मित्र नोकरीला लागलेले, त्यांचे फोन टाळायचे. गावाकडच्या लग्नांना ‘परीक्षा आहे’ म्हणून जायचं नाही. तीन वर्षांत संपर्काचे धागे एकेक करून सुटतात, पण तेव्हा त्याला ‘मेहनत’ म्हणतात. परीक्षा सोडल्यावर चौकट जाते आणि आतलं रिकामपण उघडं पडतं. शिवाय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ ही कमाल वयोमर्यादा असल्याने दार कधी बंदच होत नाही. २७ वर्षांच्या मुलासमोर अजून दहा वर्षं ‘पुढच्या वेळी’ म्हणायची मुभा असते. तो तयारी करत नाही आणि सोडतही नाही, हा मधला काळ सगळ्यात जास्त पोखरतो.

आता आईच्या म्हणण्याकडे येऊ. अबोल असणं आणि माघार घेणं यात फरक कसा करायचा? चार गोष्टी आठवून पाहा. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला एक-दोन तरी जवळचे मित्र होते का? मुळात अबोल माणसाचे मित्र थोडे असतात, पण असतात आणि टिकतात. एकटं राहिल्यावर तो शांत आणि ताजा दिसतो, की आणखी चिडका आणि थकलेला? आवडीच्या गोष्टीसाठी, म्हणजे क्रिकेटची मॅच, एखादा ट्रेक, एखादा पदार्थ, तो पूर्वी बाहेर पडायचा आणि आता पडत नाही का? आणि माणसं टाळताना त्याला ‘नको वाटतं’ की ‘भीती वाटते’? मित्र होते, आता नाहीत, एकटेपणाने तो थकतो, आवडीचंही सुटलं आणि भीती वाटते, अशी उत्तरं आली तर ती माघार आहे. उलट लहानपणापासून एकही मित्र नव्हता, नजर मिळवायला त्रास, ठरलेल्या क्रमात बदल झाला की फार बिघडणं, एखाद्याच विषयात खोल बुडणं, असं चित्र असेल तर लहानपणी न ओळखलेला ऑटिझम असू शकतो. त्याची वेगळी तपासणी लागते आणि पुढची वाटही वेगळी असते. व्यक्तिमत्त्व विकार हा शिक्का घाईने मारायचा नसतो. त्यासाठी वागण्याची तीच पद्धत बराच काळ, साधारण दोन वर्षं किंवा जास्त, आणि अनेक प्रकारच्या नात्यांत दिसावी लागते.

एकटेपण किती आहे हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अमेरिकी संशोधक लुबेन यांची सहा प्रश्नांची पट्टी यासाठी सोपी आहे. ती मूळ ज्येष्ठांसाठी बनवलेली, पण तरुणांसाठीही वापरली जाते. तीन प्रश्न नातेवाइकांबद्दल, तेच तीन मित्रांबद्दल: महिन्यातून निदान एकदा भेटणं किंवा बोलणं होतं असे किती जण, मनातलं मोकळेपणाने बोलता येईल असे किती, मदतीला हाक मारता येईल असे किती. एकही नाही तर ०, एक असेल तर १, दोन असतील तर २, तीन-चार असतील तर ३, पाच ते आठ असतील तर ४, नऊ किंवा जास्त असतील तर ५. एकूण ३० पैकी १२ पेक्षा कमी म्हणजे एकटेपणाचा धोका. आपल्या घरांत एक काळजी घ्यायची: एकूण बेरीज पाहून फसू नका. आई, वडील, बहीण, काका, आजी मिळून नातेवाइकांचे गुण भरतात आणि मित्रांच्या बाजूला शून्य असतं. दोन्ही बाजू वेगळ्या बघा, कुठलीही एक बाजू ६ च्या खाली असेल तर ती तुटलेली आहे.

तीव्रता ठरवायला जपानी अनुभव उपयोगी पडतो. घरात कोंडून घेणाऱ्या तरुणांसाठी तिथे ‘हिकिकोमोरी’ हा शब्द १९९० च्या दशकाअखेरीस रूढ झाला. सहा महिने किंवा जास्त काळ घरात कोंडून घेणं आणि त्यामुळे आयुष्य अडणं ही त्याची मुख्य खूण. आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर पडणारा सौम्य, एक दिवस किंवा त्याहून कमी तो मध्यम, आणि खोलीतूनच क्वचित बाहेर येणारा तीव्र. ‘वय वाढलं की सुधारेल’ असं मानून थांबणाऱ्यांसाठी तिथला पुढचा भाग महत्त्वाचा आहे: २०१९ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलेल्या अंदाजानुसार ४० ते ६४ वयोगटातच असे सुमारे ६ लाख १३ हजार लोक होते. ऐंशीतले आई-बाप आणि पन्नाशीतलं घरात बसलेलं मूल, अशी घरं तिथे हजारोंनी आहेत. तुमच्या भावाला दीड वर्ष झालंय. हा काळ अजून परत फिरण्याजोगा आहे, म्हणून आत्ता हालचाल करायची.

डॉक्टरकडे कधी? पुढीलपैकी काहीही असेल तर वाट न बघता: कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, एकटाच हसणं-पुटपुटणं, जेवणात काही मिसळलंय असा संशय, शेजारी आपल्याबद्दलच बोलतात ही खात्री, खिडक्या कागदाने बंद करणं, आंघोळ आठवडेच्या आठवडे न करणं, झपाट्याने घटलेलं वजन. या वयात स्किझोफ्रेनियाची सुरुवात बऱ्याचदा अशाच माघारीने होते, आणि उपचार जितके लवकर तितका फायदा जास्त. मरणाबद्दल बोलणं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, अचानक निरवानिरव करणं यालाही थांबायचं नाही. शेती असेल तर कीटकनाशकाचे डबे आजच घराबाहेर कुलपात हलवा, गोळ्यांचे साठे उचला. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. जीवाला तात्काळ धोका असेल तर ११२.

यातलं काही नसलं तरी एकदा तपासणी हवीच. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, मानसिक आरोग्याची ओपीडी असते, सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढ्या तपासण्या करून घ्या. शाकाहारी आणि उन्हात न जाणाऱ्या मुलांत शेवटची दोन बऱ्याचदा कमी निघतात आणि थकवा वाढवतात. त्या गोळ्यांनीच सगळं सुटेल अशी आशा मात्र धरू नका. डिप्रेशनची औषधं दिली तर पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करायची.

तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही जा. बरेच मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक घरच्यांचं ऐकून घेतात, आणि अशा घरांत पहिले काही महिने काम कुटुंबासोबतच होतं. त्याला ‘तुझं डोकं तपासायचंय’ म्हणण्याऐवजी ‘तुझी झोप बिघडलीय, त्यासाठी एकदा दाखवू’ म्हणा. हे खोटं नाही, झोप खरंच बिघडली आहे. पण डॉक्टरला वडिलांचा मित्र म्हणून घरी आणणं, चहात किंवा भाजीत गोळी मिसळणं, हे करू नका. हे उघड होतंच. मग तो घरचं जेवण आणि घरची माणसं, दोन्हींवरचा विश्वास गमावतो. ‘दोन महिने कुठेतरी भरती करू’ हा विचारही सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८९ प्रमाणे संमतीशिवाय भरती करायला स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं यासारखा गंभीर धोका आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि तीही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. नुसतं घरात बसून राहणं त्यात बसत नाही.

घरात पहिले दोन आठवडे फक्त एक करायचं: थांबायचं. नोकरी, लग्न, परीक्षा, ‘पुढे काय’ हे चार विषय पूर्ण बंद. ‘अमक्याचा मुलगा बघ’, ‘एवढं शिकवलं ते यासाठी?’, ‘लोक विचारतात, काय सांगू?’ ही वाक्यं बंद. वडिलांना हे अवघड जाईल, कारण बोलणं थांबवलं तर आपण हार मानली असं त्यांना वाटतं. त्यांना कारण सांगा: प्रत्येक असा प्रश्न त्याला खोलीत आणखी एक दिवस ढकलतो, कारण खोलीबाहेर आलं की हिशेब द्यावा लागतो हे तो शिकतो. त्याऐवजी दिवसातून एकदा, उत्तराची अपेक्षा नसलेलं एक साधं वाक्य. ‘आज पावट्याची उसळ केलीय.’ ‘लाइट जाणार आहे दोन ते चार.’ दार ठोठावून, उत्तर आलं तरच आत. आई याच काळात कॅलेंडरवर पाच नोंदी ठेवेल: उठण्याची वेळ, आंघोळ, खोलीबाहेर किती वेळा आला, घराबाहेर गेला का, घराबाहेरच्या कुणाशी बोलला का. ही नोंद त्याला दाखवून जाब विचारायचा नाही. दोन महिन्यांनी ‘काहीच बदललं नाही’ असं घरात म्हटलं जाईल, तेव्हा खरं काय ते यातून कळेल.

ताट खोलीत नेणं एकदम बंद करू नका आणि कायमही चालू ठेवू नका. पहिल्या आठवड्यात ताट वाढून ओट्यावर, तो स्वतः नेईल. दोन आठवड्यांनी दिवसातलं एक जेवण स्वयंपाकघरात, तेही घरातल्या एकाच माणसाबरोबर, बहुधा आईबरोबर. सगळ्यांसोबतचं रात्रीचं जेवण सगळ्यात शेवटी, कारण तिथे वडील असतात आणि बातम्या चालू असतात. मोबाइलचा रिचार्ज थांबवणं, वायफाय रात्री बंद करणं हे उपाय भांडण देतात, बदल देत नाहीत. महिन्याला ठरलेली छोटी रक्कम, पाचशे ते हजार रुपये, त्याच्याच खात्यात टाका आणि हिशेब मागू नका. प्रत्येक शंभर रुपयांसाठी हात पसरावा लागला की तो बाहेर जाणंच सोडतो.

झोपेबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक घरं इथेच घसरतात. झोपायची वेळ धरू नका, उठायची धरा. आज तो एकला उठत असेल तर पहिले तीन दिवस साडेबारा, पुढचे तीन दिवस बारा, असं दर तीन दिवसांनी अर्धा तास. एकपासून आठपर्यंत पाच तास, म्हणजे दहा टप्पे, म्हणजे तीस दिवस. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्चीत किंवा गॅलरीत तीस मिनिटं उजेडात, चहा तिथेच. दुपारी तीननंतर झोप नाही, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नाही. एक टप्पा चुकला तर तोच पुन्हा तीन दिवस, मागे जायचं नाही. काय बिघडतं? वडील उत्साहात पहाटे साडेपाचला उठवतात, तो दोन दिवस उठतो, तिसऱ्या दिवशी कोसळतो. किंवा तो स्वतः ‘आज रात्रभर जागतो आणि उद्या लवकर झोपतो’ असं करतो, तेही तीन दिवसांत जुन्या जागी येतं. हे त्याच्या संमतीनेच करायचं. संमती नसेल तर आधी उजेड आणि चहा एवढंच, वेळेला हात न लावता.

माणसांकडे जायचं ते पायरीपायरीने. त्याच्याबरोबर बसून दहा-बारा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला भीतीचे ० ते १०० गुण त्यानेच द्यायचे. साधारण अशी शिडी तयार होते: रात्री नऊनंतर गल्लीत दहा मिनिटं, सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी आणणं, किराणा दुकानात यादी न देता तोंडाने तीन वस्तू मागणं, ओळखीचं कुणी दिसलं तर मान हलवणं, बसने चार थांबे, केस कापायला जाणं, वाचनालयात एक तास, जुन्या एका मित्राला मेसेज, मग फोन, मग चहा, आणि शेवटी नातेवाइकांचा घोळका. केस कापण्याला बऱ्याचदा किराण्यापेक्षा जास्त गुण मिळतात. वीस मिनिटं आरशासमोर बसायचं आणि वर ‘सध्या काय करताय?’ सुरुवात ३० गुणांच्या आसपासच्या पायरीने करा. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा, भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत, मगच पुढची. आठवड्यातून एकदाच केलेला सराव कमी पडू शकतो, दोन वेळांच्या मधल्या दिवसांत भीती परत वाढू शकते. कानात इअरफोन, तोंडावर मास्क आणि सतत आई सोबत, अशा आधारांनी केलेली पायरी मोजू नका. ‘इअरफोन होते म्हणून निभावलं’ असं मन मानतं आणि भीती तशीच राहते. घाबरून मध्येच पळून येण्यापेक्षा पायरी लहान करा. त्याच वेळापत्रकात घरातलं एक काम पूर्णपणे त्याचं असू द्या, ज्यावाचून घराचं खरंच अडतं: पाण्याची मोटर, गॅस नोंदणी, आजीच्या औषधांचा डबा.

त्याचे ऑनलाइन गेमचे मित्र असतील तर त्यांना शत्रू समजू नका. तेही संपर्कच आहेत, लुबेनच्या पट्टीत मोजा. टाइप करण्याकडून आवाजाकडे, रात्रीकडून दुपारकडे, आणि जवळच्या शहरातला कुणी असेल तर भेटीकडे, अशी तिथेही शिडी बनते. मात्र खेळावरचा ताबाच सुटला असेल आणि जेवण-झोप सोडूनही खेळ चालत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा.

सणसमारंभ हा वेगळा विषय. लग्नात तीन तास खुर्चीवर बसवून ठेवणं ही त्याच्यासाठी शिक्षा आहे. चाळीस मिनिटं, आणि हातात काम. अक्षता वाटणं, पंगतीत वाढणं, पार्किंग बघणं. काम हातात असलं की बोलायला कारण मिळतं आणि निघायलाही. गणपती मंडळातही स्टेजपेक्षा सजावटीची वायरिंग किंवा वर्गणीचा हिशेब. ‘काय करतोस सध्या?’ हा प्रश्न येणारच, म्हणून एक वाक्य आधी ठरवून, मोठ्याने दहा वेळा म्हणून ठेवायचं: ‘परीक्षा थांबवलीय, पुढचं ठरवतोय. तुमचं कसं चाललंय?’ समोरच्याला स्वतःबद्दल बोलायला दिलं की विषय सरकतो.

आता स्वभावाचा खरा उपयोग. तीनेक महिन्यांनी झोप आणि थोडं बाहेर पडणं जमलं की त्याच्याकडे नव्याने पाहा. माणसांचा घोळका नकोच वाटतो पण काम चोख करतो, अशा मुलाला गटचर्चेच्या कोर्सला घालू नका. एका माणसाबरोबरचं काम द्या: टॅलीवर नोंदी, दुकानाचा स्टॉक, मोबाइल दुरुस्ती, वाचनालयाची नोंदवही. पटकन घाबरणारा, मनाला लावून घेणारा असेल तर कामाचं स्वरूप कमी महत्त्वाचं, ठरलेली वेळ आणि न ओरडणारा मालक जास्त. आणि स्पर्धा परीक्षेतून आलेल्या मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा अडसर म्हणजे अचूकतेचा हट्ट. अधिकारी नाही तर काहीच नाही. अशा मुलाला वेळेची मर्यादा असलेली कामं द्यायची, चाळीस मिनिटं झाली की जसं असेल तसं सोपवायचं. त्याला ‘मोठं स्वप्न बघ’ म्हणणाऱ्या व्हिडिओंची गरज नाही, ती त्याने तीन वर्षं पुरेशी ऐकलेली असतात.

परीक्षेचा निर्णयही याच टप्प्यावर, आधी नाही. आणखी किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, तोपर्यंत सोबत कोणतं काम, हे कागदावर त्याच्या अक्षरात. ‘सोबत काम’ ही अट सोडू नका.

काम सुरू करताना आठवड्यातून दोन दिवस, दोन ते चार तास, एवढ्यावर एक महिना. मग तीन दिवस. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी होती आणि शिक्षणानुसार महिन्याला ६, ८ किंवा १० हजार विद्यावेतन असं तिचं स्वरूप होतं. अशी योजना चांगली, पण ती पाचवी पायरी आहे, पहिली नाही. दीड वर्ष घरात असलेल्याला थेट पूर्ण दिवसाच्या कार्यालयात पाठवलं तर तो दुसऱ्या आठवड्यात घरी येतो आणि ‘मला जमत नाही’ याचा पक्का पुरावा घेऊन येतो. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल दोन वाक्यं पुरतात: तीन वर्षं राज्यसेवेची तयारी केली, त्यानंतर तब्येतीसाठी थांबलो, आता अमुक काम करतोय. लपवू नये, लांबवू नये.

तुम्ही भावाबद्दल विचारलंय, पण मुलींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. भारतात शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले तरुण साधारण तीन-चार जणांत एक आहेत आणि त्यांत मुलींची संख्या फार मोठी आहे. पदवी झाली, स्थळं बघतोय, ती घरकाम करते. भांडी घासणारी, आल्यागेल्याला चहा देणारी मुलगी कुणाला एकटी वाटत नाही. तिच्यासाठी प्रश्न वेगळे विचारायचे: गेल्या महिन्यात ती एकटी, स्वतःच्या कामासाठी बाहेर गेली का? घराबाहेरच्या कुणाशी, कुणी ऐकत नसताना, बोलली का? स्वतःच्या नावाचे पैसे आहेत का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर तिच्या बाबतीत ‘स्वभावाने शांत’ हे शब्द घरात वापरणं बंद करा आणि बाहेर जाण्याची परवानगी ही पहिली पायरी धरा. तिथे अडचण तिच्या भीतीपेक्षा घरच्यांच्या बंधनांची असू शकते, आणि ती बंधनं घरच्यांनीच सैल करायची असतात.

वेळेचा अंदाज: पहिला महिना बाहेरून काहीच दिसणार नाही, फक्त घरातला ताण उतरेल. तीन महिन्यांत सकाळी आठ-नऊला उठणं आणि आठवड्यातून चार वेळा बाहेर पडणं जमलं तर गती चांगली आहे. थोडं काम सहा ते नऊ महिन्यांत. मध्ये घसरण होणार, बहुधा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी, मित्राच्या लग्नपत्रिकेनंतर किंवा दिवाळीत. तेव्हा दोन पायऱ्या खाली या, पहिल्या पायरीवर नको, आणि ‘पुन्हा तेच सुरू झालं’ हे वाक्य घरात कुणीही बोलायचं नाही. दर तीन महिन्यांनी लुबेनचे सहा प्रश्न पुन्हा भरा. मित्रांच्या बाजूला शून्याचे दोन झाले तर उपाय लागू पडतोय. सहा महिन्यांनी आकडा हललाच नसेल, तर हा त्याचा स्वभाव असं ठरवून थांबू नका, निदान पुन्हा तपासून घ्यायला दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना आईची कॅलेंडरवरची नोंद बरोबर न्या.